फोन खाली ठेवायला सांगण्यापूर्वी

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

2018 सालच्या मार्च महिन्यात वर्धा शहर पोलीस ठाण्यात एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. शेजाऱ्याशी वाद झाला होता, तक्रारीवरून ठाण्यात बोलणे चालले होते. त्या बोलण्याचे त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण केले. एवढ्यावरून त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला, आणि तोही शासकीय गुपिते अधिनियम, 1923 खाली. इंग्रजांनी हेरगिरी रोखण्यासाठी केलेला हा कायदा वर्ध्यात शेजाऱ्यांच्या भांडणात बाहेर काढला गेला.

हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेले. न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांनी 2022 मध्ये गुन्हा रद्द केला. त्यांचे कारण कुणालाही कळेल इतके सरळ होते. या कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या दिलेली आहे. त्या यादीत शस्त्रागारे आहेत, नौदलाच्या गोद्या आहेत, लष्करी तळ आहेत. पोलीस ठाणे नाही. जे ठिकाण यादीत नाही, तिथे काढलेला व्हिडिओ या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

त्याच 2022 सालात अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डी ठाण्यात दोन भावांवर पुन्हा हाच कायदा लावण्यात आला. ठाण्यात पोलिसाशी झालेले बोलणे त्यांनी ध्वनिमुद्रित केले होते. तेही उच्च न्यायालयात गेले. औरंगाबाद खंडपीठात न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. एस. जी. चपळगावकर यांच्यासमोर सुनावणी झाली आणि 2024 मध्ये निकाल आला की पोलीस ठाण्यातले ध्वनिमुद्रण या कायद्याखाली हेरगिरी होत नाही. ही गोष्ट दोन खंडपीठांना दोनदा लिहावी लागली, आणि दोन कुटुंबांची मिळून सहा वर्षांहून जास्त काळ कोर्टकचेरी झाली. हे खुले पत्र या दोन निकालांच्या आधारावर लिहिले आहे. त्यातली मागणी एकच आहे. सार्वजनिक जागी आणि ठाण्याच्या दर्शनी भागात कर्तव्यावर असलेल्या पोलिसाचे चित्रीकरण नागरिक करू शकतो, हे आपण आपल्या सहीने, मराठीत, राज्यातल्या प्रत्येक ठाण्याला लिहून कळवावे.

परिपत्रकाची गरज काय, निकाल तर आहेतच, असे कुणी म्हणेल. पण निकाल उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतो आणि फोन असतो चौकात उभ्या माणसाच्या हातात. रात्री अकराच्या नाकाबंदीत एखाद्या दुचाकीस्वाराशी हुज्जत होते, बाजूला उभा असलेला कुणी फोन वर धरतो, आणि “शूटिंग बंद कर, नाहीतर 353 लावीन” हे वाक्य येते. महाराष्ट्रात हा आकडा शाळकरी मुलांनाही माहीत आहे. ‘सरकारी कामात अडथळा’ एवढाच त्याचा अर्थ लोकांच्या डोक्यात बसला आहे आणि त्याच्या धाकाने फोन खिशात जातो. भारतीय दंड संहितेतले ते कलम 353 आता भारतीय न्याय संहितेत 132 झाले आहे. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. म्हणूनच त्याचा धाक एवढा मोठा आहे.

पण कलम वाचले तर त्यात शब्द आहेत ‘हल्ला’ किंवा ‘फौजदारी पात्र बलप्रयोग’. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी अंगावर जाणे, हात उगारणे, ढकलणे, असे काहीतरी घडलेले असावे लागते. दहा पावलांवर उभे राहून फोन धरणे यात बळ कुठे आले? काम अडवले, वाट रोखली, हटायला सांगूनही हटला नाही, तर त्यासाठी अडथळ्याचे वेगळे, सौम्य कलम 221 आहे आणि तेही काम खरोखर अडले तरच लागते. व्हिडिओ काढल्यामुळे पोलिसाला संकोच वाटला, हा अडथळा नाही.

दुसरे वाक्य येते ते “डिलीट कर”. ते पहिल्यापेक्षा गंभीर आहे, कारण इथे कायदा उलट्या बाजूला उभा आहे. पुरावा म्हणून सादर होऊ शकेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद ती सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे, हा न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एखाद्या शिपायाने कुणाला रस्त्यावर व्हिडिओ पुसायला लावला, तर गुन्ह्याच्या किती जवळ आपण गेलो, हे त्या शिपायाला बहुधा ठाऊकही नसते. त्याला ते कुणी सांगितलेले नाही. या अज्ञानाचा भार शेवटी त्याच्याच नोकरीवर येतो, म्हणून हे परिपत्रक जितके नागरिकासाठी आहे तितकेच त्या शिपायासाठीही आहे.

चित्रीकरणाचा हक्क एखाद्या कलमात शब्दशः लिहिलेला नाही, हे मान्य. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) मधून येतो. बोलण्याच्या आणि व्यक्त होण्याच्या स्वातंत्र्यात जाणून घेण्याचे स्वातंत्र्यही आहे, असे सर्वोच्च न्यायालय अनेक दशके सांगत आले आहे. मतदाराला उमेदवाराची माहिती मिळाली पाहिजे, हा 2002 चा निकाल त्याच पायावर उभा राहिला. रस्त्यावर, उघड्यावर, सरकारी गणवेशात, सरकारी पगारावर चाललेले काम पाहण्याची मुभा सगळ्यांना आहे. जे डोळ्यांनी पाहायची मुभा आहे ते फोनने टिपायला मनाई करायची असेल, तर तसा कायदा दाखवावा लागेल. वर्धा आणि पाथर्डीत जो दाखवला गेला तो टिकला नाही.

आणि पोलिसांच्या कामात कॅमेरा आता परका राहिलेला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते, आणि त्यासाठी शक्यतो मोबाइल फोनच वापरावा असे कायदाच म्हणतो. ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. चौकातला वाहतूक पोलीस ई-चलनासाठी दिवसभर लोकांच्या गाड्यांचे फोटो काढत असतो. मोर्चात साध्या वेशातला कर्मचारी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चेहरे टिपत जातो. कॅमेऱ्याने खरे काय ते राहते, यावर पोलीस दलाचा विश्वास आहे म्हणूनच हे सगळे होते. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोच विश्वास लागू व्हायला हवा.

ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचा विषय तर सर्वोच्च न्यायालयाने हातात घेतलेलाच आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने आदेश दिला की देशातल्या प्रत्येक ठाण्यात येण्याजाण्याचे दरवाजे, कोठडी, मार्गिका, स्वागतकक्ष, व्हरांडा अशी कोणतीही जागा कॅमेऱ्याविना राहता कामा नये. चित्राबरोबर आवाजही हवा, अंधारात दिसायला हवे, आणि साठवण अठरा महिन्यांची असावी, ते जमत नसेल तर निदान एक वर्षाची. त्या आदेशात आणखी एक सूचना होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. इथे कॅमेरे आहेत, आणि हक्कांचा भंग झाला तर तक्रार कुठे करायची, याचे मोठे फलक ठाण्याच्या दारात आणि आत, स्थानिक भाषेतही लावायचे होते. राज्यातल्या किती ठाण्यांच्या दारात असा मराठी फलक वाचता येतो, याची पाहणी आपल्या कार्यालयाला एका आठवड्यात करता येईल.

न्यायालयाला एवढ्या बारकाव्यात का शिरावे लागले, हे तमिळनाडूतल्या सातनकुळमने दाखवले आहे. जून 2020 मध्ये टाळेबंदीच्या वेळेनंतर मोबाइलचे दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून तिथल्या बापलेकांना ठाण्यात नेले आणि काही दिवसांत दोघेही मरण पावले. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळले की ठाण्यातल्या सीसीटीव्ही यंत्रणेत साठवायला जागा भरपूर होती, पण त्या दिवसाचे चित्रण त्या दिवशीच पुसले जाईल अशी मांडणी करून ठेवलेली होती. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्रण मात्र राहिले. दोघे जमिनीवर लोळले आणि त्यातून त्यांना जखमा झाल्या, अशा आशयाचा जो मजकूर पोलिसांच्या फिर्यादीत होता, तसे काही त्या चित्रणात नव्हते.

जून 2025 मध्ये त्याच राज्यात, शिवगंगा जिल्ह्यातल्या तिरुप्पुवनमजवळ, एका मंदिराच्या तरुण रक्षकाला दागिन्यांच्या चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतले गेले आणि मारहाणीत त्याचा मृत्यू झाला. ही मारहाण ठाण्यात झालीच नाही. त्यामुळे सीसीटीव्हीचा कितीही काटेकोर आदेश असता तरी तिथे तो पोहोचला नसता. मंदिरातल्याच एका कर्मचाऱ्याने आडोशाने फोनवर थोडे चित्रण केले. ते मद्रास उच्च न्यायालयापुढे आले, पाच पोलिसांना अटक झाली आणि तपास सीबीआयकडे गेला. ज्याने चित्रण केले त्याला मात्र स्वतःसाठी संरक्षण मागावे लागले. सरकारी कॅमेरा जिथे नसतो तिथे नागरिकाचा फोन असतो, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतल्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यांचा विषय स्वतःहून दाखल करून घेतला. त्यालाही निमित्त झाली होती राजस्थानात कोठडीत झालेल्या मृत्यूंची बातमी.

महाराष्ट्राने तमिळनाडू किंवा राजस्थानकडे बोट दाखवून गप्प बसावे, अशी स्थिती नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत लुटीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण ठाण्यातच मारहाणीत मेला. पोलिसांनी तो पळून गेल्याचा बनाव रचला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला. हे सारे पुढे उघड झाले, पोलीस अधिकाऱ्यावर आणि कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण, सोमनाथ सूर्यवंशी, न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. शवविच्छेदनात अनेक जखमांचा उल्लेख होता. जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. एकाच मृत्यूबद्दल सरकारचा कॅमेरा एक सांगतो आणि मृताचे शरीर दुसरे, अशा वेळी तिसऱ्या कुणाच्या तरी हातातल्या नोंदीची किंमत किती असते, हे वेगळे सांगायला नको.

खुल्या पत्राचा आणि पोलीस ठाण्याचा संबंध महाराष्ट्रात जुना आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो ओळखला जातो, लोकांमध्ये ‘मथुरा प्रकरण’ म्हणून. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून न्यायालयाने दोघांना सोडले. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलने झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. संसदेने हे का केले? कारण ठाण्याचे दार बंद झाले की आत काय घडले याचे साक्षीदार फक्त गणवेशातले असतात, हे तिने ओळखले. कॅमेऱ्याचा आग्रह ही त्याच ओळखीची पुढची पायरी आहे.

पोलिसांच्या बाजूनेही खरे प्रश्न आहेत, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. ठाण्यात बलात्काराची फिर्याद द्यायला आलेली बाई बसलेली असते. तिचे नाव, चेहरा, ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. विधिसंघर्षग्रस्त मुलाचा चेहरा दाखवणे हाही गुन्हा आहे. ओळख परेड व्हायची असलेल्या आरोपीचा चेहरा समाजमाध्यमांवर फिरला तर पुढचा खटलाच लटका पडतो. अपघातस्थळी रुग्णवाहिकेची वाट अडवून व्हिडिओ काढणाऱ्यांची गर्दी प्रत्येकाने पाहिलेली आहे. आणि 26/11 चा दहशतवादी हल्ला तर मुंबई विसरू शकत नाही. कमांडो नरिमन हाउसच्या छतावर उतरत असताना वाहिन्यांनी ते थेट दाखवले आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना सूचना देत राहिले. कसाबच्या खटल्याच्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

पण त्याच हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर वृत्तछायाचित्रकार सेबास्टियन डिसूझा फलाटावरच्या डब्यांच्या आडून फोटो काढत होते. हातात रायफल, पाठीला बॅग लावलेला कसाब जगाला माहीत आहे तो त्यांच्या कॅमेऱ्यामुळे. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि ती छायाचित्रे पुराव्यात आली. चालू कारवाई थेट दाखवणे आणि घडलेल्या घटनेची नोंद ठेवणे, या दोन गोष्टी मुंबईने एकाच हल्ल्यात पाहिल्या. पहिलीवर बंधन रास्त आहे. दुसरीवर बंधन घातले असते तर खटल्याचा एक बळकट पुरावा गेला असता.

गाडी अडवली म्हणून वाहतूक पोलिसाला बॉनेटवर फरफटत नेल्याचे प्रकार राज्यात घडले आहेत, आणि ते सिद्ध करायला कामाला आले ते रस्त्यावरच्या लोकांचे व्हिडिओच. बारा-चौदा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या शिपायाला शिवीगाळ होते, अंगावर हात टाकला जातो, तेव्हा त्याचीही बाजू कुणाच्या तरी फोनमध्येच असते. जो पोलीस नियमाने वागतो त्याला या फोनचा तोटा नाही.

व्हिडिओ अर्धवट असतो, सुरुवात कापलेली असते, ही तक्रारही पोलिसांकडून वारंवार येते आणि तीत तथ्य आहे. त्यावर उपाय मूळ चित्रण जपणे हाच आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी हे स्पष्ट केले. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन दाखवले तर लागत नाही. म्हणजे नागरिकाचा फोन हाच अव्वल पुरावा असतो. तो हिसकावून घेतला, पंचनामा न करता तासभर ठाण्यात ठेवला आणि नंतर परत दिला, तर त्यातल्या व्हिडिओवर कुणीही शंका घेऊ शकतो. त्या व्हिडिओने पोलीस निर्दोष ठरणार असला तरी.

परदेशातले एक उदाहरण आपल्या दलाने अभ्यासावे असे आहे. मे 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूचे जे पहिले निवेदन काढले, त्यात ताब्यात घेतल्यानंतर त्याला वैद्यकीय त्रास झाल्याचे म्हटले होते. मानेवरच्या गुडघ्याचा उल्लेख नव्हता. तो जगाला कळला सतरा वर्षांच्या एका मुलीने पदपथावरून काढलेल्या व्हिडिओमुळे. संबंधित अधिकाऱ्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी बोस्टनमध्ये, 2007 साली, पोलिसांचे चित्रीकरण केले म्हणून एका वकिलाला अटक झाली होती. 2011 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने चित्रीकरण हा त्याचा घटनादत्त हक्क असल्याचे ठरवले, आणि पुढच्या वर्षी शहराला त्याला एक लाख सत्तर हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. ते पैसे बोस्टनच्या करदात्यांचे होते.

म्हणून परिपत्रकात काय असावे, हेही या पत्रात मांडणे योग्य. सार्वजनिक जागी कर्तव्यावरच्या पोलिसाचे चित्रीकरण ही गुन्ह्याची बाब नाही, आणि शासकीय गुपिते अधिनियम पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाला लागू होत नाही, हे दोन्ही निकालांचा उल्लेख करून त्यात सांगावे. नागरिकाने किती अंतर ठेवावे, हे अधिकाऱ्याने परिस्थिती पाहून स्पष्ट शब्दांत सांगावे. “मागे सरका” म्हणायचा त्याला अधिकार आहे, “बंद करा” म्हणायचा नाही. पीडित स्त्रिया, मुले आणि ओळख परेडचे आरोपी असलेला ठाण्याचा भाग चित्रीकरणातून वगळण्याची मुभा असावी, पण तो भाग आधीच आखून, फलक लावून ठरवलेला असावा. ऐनवेळी सगळे ठाणेच तसे घोषित करता येऊ नये. फोन पुरावा म्हणून खरोखर हवा असेल तर तो जप्तीच्या रीतसर प्रक्रियेनेच घ्यावा, जागेवर पंचनामा करावा, मालकाला पोच द्यावी आणि न्यायालयाला कळवावे. कुणालाही व्हिडिओ पुसायला सांगणे हे शिस्तभंगाचे कृत्य मानावे. आणि चित्रीकरणाच्या घटनेत 132 किंवा 221 लावायचे असेल, तर हल्ला किंवा अडथळा नेमका काय होता हे फिर्यादीत लिहिल्याशिवाय वरिष्ठ निरीक्षकाने सही करू नये.

हे सगळे नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत येणाऱ्या प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला पहिल्याच सत्रात शिकवता येईल. शिपायांच्या प्रशिक्षण केंद्रांत तर ते आधी शिकवावे लागेल, कारण चौकात उभा असतो तो शिपाई. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाची मंजुरी लागत नाही, निधीची तरतूद लागत नाही. परिपत्रकाची एक मराठी प्रत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. नाकाबंदीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला ती आपल्या फोनवर उघडून समोरच्या पोलिसाला दाखवता येईल, आणि त्या पोलिसालाही आपल्या साहेबांची सही ओळखता येईल.

उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे,
राज्यातील एक नागरिक